दक्षिणेकडे तोंड करून

कुंभार पिंपळगावच्या बाजारात आप्पांना कोणी विचारलं, "पोरगं काय करून राह्यलं सध्या?" तर आप्पा सांगायचे, "लोकांना उभं राहायला शिकवतो."

"म्हणजे दवाखान्यात का?"

"न्हाई. धडधाकट शेठ लोकांना."

पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे. विचारला असता तरी आप्पांना गोल्फ समजावून सांगता आला नसता, आणि सांगायची त्यांची इच्छाही नव्हती. आप्पा म्हणजे माझे वडील. आठवडी बाजारात पोतं अंथरून ते पत्रकं आणि पुस्तिका विकायचे. एका बाजूला मिरच्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला रबरी चपला, आणि मधे आप्पांचा विचार. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. जागे व्हा, प्रश्न विचारा, कोणापुढे वाकू नका. उद्गारचिन्हांवर वाढलेलं पोरगं होतो मी. आणि तेच पोरगं पुण्यात कॉलेजला गेलं, खिसा रिकामा झाला, आणि एका मैदानावर श्रीमंतांच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून चालायला लागलं. लोकांचे फटके बघण्यापेक्षा मी त्यांचे पाय बघत असे. तिथल्या म्हाताऱ्या कोचच्या ते लक्षात आलं आणि त्याने मला शिकवायला घेतलं.

त्याने शिकवलेली गोष्ट एकच. फटका हा शेवटी येतो. त्याच्या आधी माणूस कसा उभा राहिला, यातच सगळं ठरून गेलेलं असतं. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू जमिनीवर निपचित पडलेला असतो, कोणी तो तुमच्याकडे फेकत नाही. तुम्ही त्याच्याशेजारी आडवे उभे राहता, म्हणजे डावा खांदा जिकडे मारायचं तिकडे, आणि तोंड चेंडूकडे. काठी मुठीत आवळायची नाही, चिमणीचं पिल्लू धरावं तशी धरायची. गुडघे किंचित सैल. आणि वाकायचं ते कमरेतून, पाठीतून नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. पाठ सरळ ठेवून कमरेच्या सांध्यातून पुढे झुकणं मोठ्या माणसांना जमत नाही, ते मानेतून वाकतात. मी त्यांना म्हणायचो, "दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या आहेत आणि न्हाणीचं दार बुडाने ढकलायचंय, तसं करा."

"मास्तर," कापड दुकानदार नंदूशेठ म्हणाले होते, "आमच्या घरी बादल्या दुसरे उचलतेत."

ही गोष्ट जालन्याची आहे, नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची. रमणशेठ यांची बियाण्यांची कंपनी होती. ते अमेरिकेत शिकून आले होते आणि येताना हा नाद घेऊन आले. शहराबाहेर परतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची बरीच जमीन होती. त्यातल्या एका मुरमाड तुकड्यावर त्यांनी सरावाचं मैदान आखलं. गवत नाहीच. पश्चिमेच्या टोकाला पत्र्याची शेड, शेडीत हिरव्या चटया, आणि तिथून पूर्वेकडे चेंडू मारायचे. संध्याकाळी धंदा आटपून येणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन जाऊ नये म्हणून पूर्व. पूर्वेला लांब नाला, आणि नाल्यापलीकडे, चेंडू पोचणार नाही इतक्या अंतरावर, आमच्या लोकांची वस्ती. पत्र्याची घरं, विहाराचा कळस, निळा झेंडा. मैदानाच्या डाव्या हाताच्या लांबच्या कोपऱ्यावरून, म्हणजे ईशान्येकडून, एक पायवाट वस्तीत उतरायची.

आणि उत्तरेला, चटयांच्या डाव्या हाताला, कंपनीचा कपाशीचा चाचणी प्लॉट. त्यामागे कंपनीचीच भिंत. तिथे शेठच्या परवानगीशिवाय कुत्रंही फिरत नसे.

एवढा भूगोल लक्षात ठेवा. पुढचं भांडण सगळं त्यावरच आहे.

गिऱ्हाइकं मोजकी आणि नमुनेदार. नंदूशेठ उभं आयुष्य गादीवर मांडी घालून बसलेले, त्यांच्या कमरेचा सांधा उघडायलाच महिना गेला. धावड्याचे एक पैलवान होते, कुस्ती सोडून रस्त्यांची कंत्राटं घेणारे. ते चेंडूसमोर पाय फाकवून, दोन्ही हात पुढे करून, दबा धरून उभे राहायचे.

"पैलवान," मी म्हणायचो, "चेंडू पायात शिरून तुमचा पट काढणार नाही."

"भरवसा न्हाई मास्तर. बारका हाय अन् गप पडलाय. असलेच डाव टाकतेत."

एक दाताचे डॉक्टर होते, डावखुरे. रुग्णाच्या तोंडात डोकावून त्यांची पाठ कमानीसारखी झालेली. सगळ्यात वाईट उभं राहणं त्यांचं. आणि तरी चेंडू सगळ्यात सरळ जायचा तो त्यांचाच. हे मला खटकायचं, पण कारण सापडत नव्हतं.

बाकी सगळ्यांचे चेंडू डावीकडे. एखाद-दुसरा नाही, सगळेच. मी मुठी बदलल्या, खांदे बदलले, चेंडूची जागा बदलली. ते मान डोलवायचे, "बराबर, बराबर," म्हणायचे, आणि चेंडू पुन्हा त्या ईशान्येच्या कोपऱ्यावर.

वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी कमलमावशी मैदानात आली. ती वस्तीतली, माझ्या आईच्या माहेरची, म्हणून मावशी. डोक्यावर कापसाचं गाठोडं. ते तिने शेडीसमोर उतरवलं, गाठ सोडली, कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि पांढरा चेंडू बाहेर काढला.

"हे बोंड कोनाचं हाय?" ती म्हणाली. "आमच्या वानात असलं येत न्हाई."

पैलवान मोठ्याने हसले. तीही हसली. मग तिने गाठोड्याची एक बाजू दाखवली. कापड फाटून आत दबलेलं होतं, आणि ती जागा तिच्या कानाच्या बोटभर वर येत होती. हसू थांबलं.

"सिद्धार्था," ती मला म्हणाली, "आज कापूस व्हता डोक्यावर. उद्या रिकामी आले तर?"

रमणशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सिमेंटचे खांब आणि तारेची बंडलं येऊन पडली.

"पायवाट बंद करतो," ते मला म्हणाले. "बायांच्याच जिवाचा प्रश्न आहे. त्यांनी मोठ्या रस्त्याने जावं."

"शेठ, मोठ्या रस्त्याने ट्रक चालतात. डोक्यावर गाठोडं घेऊन, अंधार पडायच्या वेळी?"

"मग काय करू? तूच सांग. तू मास्तर आहेस. चेंडू सरळ जाऊ दे, मला तार ओढायची हौस नाही."

म्हणजे प्रश्न माझ्या धंद्याचा झाला. मी लोकांना नीट उभं केलं तर वाट राहणार होती. नाही केलं तर बंद. दिवाळीपर्यंतची सवड मिळाली.

मला झोप लागेना, जेवण जाईना. चटयांच्या मागे मी पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालायचो. आणि एका संध्याकाळी येरझाऱ्या घालतानाच दाताच्या डॉक्टरांकडे बघून थबकलो. डावखुरा माणूस उलटा उभा राहतो. पूर्वेला मारताना त्याचं तोंड उत्तरेला येतं. आणि बाकी सगळ्यांचं?

दक्षिणेला.

दक्षिणेकडे तोंड करून हे लोक जेवत नाहीत, देवघर मांडत नाहीत, नवं दुकान उघडताना गल्ला त्या बाजूला ठेवत नाहीत. मी रोज त्यांना सांगत होतो, दक्षिणेकडे तोंड करा, पाय रोवा आणि वाका. ते "बराबर" म्हणत होते, आणि त्यांचे पाय, त्यांनाही न विचारता, बोटं पूर्वेकडे सरकवून घेत होते. पाय इतकेसे वळले की डावा खांदा उत्तरेकडे ढळतो, आणि चेंडू थेट कमलमावशीच्या वाटेवर.

मला आधी हसू आलं. मग संताप. इंजिनिअर, व्यापारी, कंत्राटदार, सगळे शिकलेले. आणि त्यांच्या भीतीचा चेंडू पडत होता वस्तीच्या वाटेवर! पत्रकांवर वाढलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी पत्रक काढलं. स्वतः लिहिलं, जालन्याच्या एका छापखान्यात छापून घेतलं. 'दिशांना घाबरणारे पाय' असा मथळा. पृथ्वी गोल आहे, दक्षिण ही एक बाजू आहे, यमाचा पत्ता नाही, वगैरे. शेवटी उभं राहण्याची रीत. गोल्फवर मराठीत पत्रक काढणारा मी बहुधा पहिलाच आणि शेवटचा असेन.

नंदूशेठने शेवटपर्यंत वाचलं. "भाषा लई जोरदार हाय मास्तर. बिलकुल पटलं."

"मग उभे राहा आता."

राहिले. पाय पुन्हा वळलेले.

"शेठ!"

"अहो मी कुठं मानतो? घरात मानतेत."

"घरातले इथे आलेत का?"

नंदूशेठने आपल्या बुटांकडे बघितलं. "पाय तर घरातलेच हायेत ना," ते म्हणाले, आणि पत्रकाची घडी घालून चहाच्या ग्लासाखाली ठेवली.

पैलवानांनी तर खुल्लमखुल्ला सांगितलं. "मास्तर, तुमी म्हनाल तर मी अंगठ्यावर उभा राहतो. पन तिकडं तोंड करून वाकायचं म्हनलं की भ्या वाटतं. आता हसा काय हसायचं ते."

मी हसलो नाही. मी ओरडलो. माझ्या वयाला शोभेल तेवढं सगळं बोललो. त्याचा परिणाम असा झाला की पैलवान एक आठवडा आलेच नाहीत.

दिवाळी जवळ आली. खांबांसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली. मग मी ठरवलं, गिऱ्हाइकांचं राहू दे, मालकालाच धरायचं. रमणशेठ स्वतः खेळायचे, बऱ्यापैकी खेळायचे, आणि त्यांचेही चेंडू डावीकडे जायचे. ते त्याचं खापर वाऱ्यावर फोडायचे.

मी शेताच्या कडेच्या ढिगाऱ्यातून एक सरळ तुराटी काढली. तुरीची वाळलेली काडी. आमच्या धंद्यात दिशा तपासायची ही साधी रीत आहे. माणसाला उभं करायचं, त्याच्या दोन्ही पायांच्या बोटांना लावून काठी जमिनीवर ठेवायची, आणि मग त्याला बाजूला करून मागून बघायला लावायचं. काठीचं टोक जिकडे, तिकडे तुमचा चेंडू.

"शेठ, समोर पूर्वेला तो विजेचा खांब आहे ना, तिकडे नेम धरा."

त्यांनी धरला. मी तुराटी ठेवली. ते मागे आले, वाकून बघितलं. टोक पायवाटेच्या कोपऱ्यावर.

"घाई झाली," ते म्हणाले. पुन्हा उभे राहिले. सावकाश, मला दाखवून दाखवून पाय ठेवले. मी तुराटी ठेवली. पुन्हा पायवाट.

"शेठ, तुमचं तोंड कुठल्या दिशेला येतं, लक्षात आलं का?"

त्यांनी सूर्याकडे बघितलं, नाल्याकडे बघितलं, हिशेब केला. मग चिडले. "सिद्धार्थ, मी अमेरिकेत शिकलोय. मी असलं काही मानत नाही."

"तुम्ही नाही मानत. तुमचे पाय मानतात."

वाक्य मला फार आवडलं होतं. रात्रभर घोकून ठेवलेलं होतं. ते लागणार, असं मला वाटलं. लागलंही, पण मला हवं होतं तिथे नाही. रमणशेठ चटईच्या कडेवर बसले. 

"दक्षिणेकडे तोंड करून मी एकदाच बसलोय," ते म्हणाले. "वडील गेले तेव्हा. भटजी म्हणाले तसा बसलो. तेव्हाही मानत नव्हतो."

  मी तुराटी उचलली आणि उगाच तिची साल काढत राहिलो.

मग ते उठले, बुटावरची माती झटकली आणि पुन्हा मालक झाले. "ठीक आहे. कारण कळलं. पण म्हणून मी लोकांचे पाय बदलू का? वाट बदलणं सोपं आहे. परवा तार ओढून टाकू."

"मैदान फिरवा ना शेठ. उत्तरेकडे मारू दे. तोंड पूर्वेला येईल सगळ्यांचं."

"आणि माझा प्लॉट? तिथे कित्येक वर्षांची मेहनत आहे!"

"इकडे माणसं आहेत."

"त्यांच्यासाठीच तार ओढतोय," ते म्हणाले, आणि गाडीत बसून गेले. मला आजही त्या उत्तराचा राग येतो. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेडीत कोणी नसताना, मी चटया फिरवून शेडीच्या उत्तर कडेला ओळीने लावल्या. सगळ्या. डावा खांदा उत्तरेला येईल अशा, प्लॉटकडे. त्या दिवशीच्या कामाबद्दल मला आजही खंत नाही. खंत वेगळी आहे, ती पुढे येते.

संध्याकाळी आधी नंदूशेठ आले. "हे काय मास्तर?"

"नवी पद्धत. उभे राहा."

ते उभे राहिले. पूर्वेकडे तोंड. पायांना काही सांगावंच लागलं नाही, ते आपोआप जागेवर बसले. कंबर वाकली, पाठ सरळ राहिली. त्यांनी काठी मागे नेली आणि फटका मारला. चेंडू सुतासारखा सरळ गेला आणि लांब, कपाशीच्या मधोमध पडला. नंदूशेठ काठी तशीच वर धरून उभे राहिले.

"हा मी मारला?"

"तुम्हीच."

मग रांगच लागली. पैलवान परतले होते. त्यांनी मारलेला चेंडू सगळ्यात लांब, मागच्या भिंतीपर्यंत गेला. "मास्तर! गोफणीतून सुटल्यावानी गेला!" सगळे एकमेकांना टाळ्या देत होते, आणि प्लॉटमध्ये नमुन्यांच्या पाट्या टण्-टण् वाजत होत्या. फक्त दाताचे डॉक्टर कुरकुरत होते, कारण डावखुऱ्याचं तोंड आता पश्चिमेला आलं होतं आणि ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत.

रमणशेठ आले तेव्हा पैलवानांनीच त्यांना मिठी मारली. "शेठ, काय डोकं लावलं राव तुमी! अशीच राहू द्या ही बाजू." नंदूशेठ म्हणाले, "आपल्या मैदानाला आता बरकत आली बघा." ज्या लोकांशी रोजचा व्यवहार, त्यांच्या तोंडावर शेठ काय बोलणार? ते हसले. हसत हसतच मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

मी पुन्हा तिथे गेलो नाही. पण चटया तशाच राहिल्या, कारण गिऱ्हाइकं आता ऐकेनात. प्लॉट पुढच्या हंगामात दुसऱ्या जमिनीवर हलला. तारेची बंडलं तिकडे गेली. पायवाट उघडी राहिली.

मी पिंपळगावला जाऊन आप्पांना हे सगळं सांगितलं. मला शाबासकी हवी होती. आप्पांनी पोत्यावरची पत्रकं सारखी केली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवले.

"वाट राह्यली, बेस झालं," ते म्हणाले. "पन त्यांची दक्षिण तशीच राह्यली म्हन की. तू त्यांना पूर्व देऊन आला."

हीच ती खंत. आता मी दुसऱ्या शहरात शिकवतो. तिथेही लोकांच्या पायांशी काठी ठेवतो, आणि दर वेळी ते वाक्य आठवतं. मी त्यांची भीती काढली नाही. तिला सोयीची जागा करून दिली. भांडून एखाद्याचा पाय सरळ करता आला असता का? अजून एक पत्रक, अजून एक महिना? आणि त्या महिन्यात मावशी रिकाम्या डोक्याने त्या वाटेवर आली असती तर? 

पुढच्या वर्षी वेचणीच्या दिवसांत वस्तीवर गेलो होतो. संध्याकाळी कमलमावशी मला नाल्याच्या बांधावर घेऊन गेली. चार-पाच बाया आधीच गाठोडी उतरवून तिथे टेकल्या होत्या. लांब, मुरमाच्या पलीकडे, शेडीत रांगेने शेठ लोक उभे होते. डॉक्टर सोडले तर सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. पाठी सरळ, कंबरा वाकलेल्या. मी महिनोन् महिने घसा कोरडा करून शिकवलेलं ते वाकणं इतकं सुंदर जमलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

"रोज असतंय हे," मावशी म्हणाली. "दिवस मावळायच्या टायमाला येतेत, वस्तीकडं तोंड करून उभे राहतेत, अन् एकेक जन कमरंतून वाकतो. तूच शिकवलं म्हनं?"

"मीच."

"ब्येस शिकवलं बाबा."

तिकडे नंदूशेठ चटईवर आले. पाय लावले, वाकले. इकडे मावशीने पदर सारखा केला, वडीलधाऱ्या बाईने करावा तसा हात वर केला आणि त्या अंतरावरून त्यांना म्हणाली,

"असू द्या, असू द्या. सुखी ऱ्हावा."